एक गरम जेवण, दोन्ही हातांनी

माझी मागणी फार मोठी नव्हती. मला एकदा, फक्त एकदा, खुर्चीत बसून, दोन्ही हातांनी, गरम गरम जेवायचं होतं.

ज्यांच्या घरात लहान मूल नाही त्यांना यात मागण्यासारखं काय आहे ते कळणार नाही, म्हणून थोडा खुलासा करते. आमची लेक दीड वर्षाची आहे. तिचं खरं नाव आम्ही पुस्तकं चाळून, नातेवाइकांचे रुसवे काढून ठेवलं, आणि आता तिला सगळे भिंगरी म्हणतात. भिंगरी झाल्यापासून मी जे काही जेवले ते एका हाताने, बहुतेक उभ्याने आणि कायम गार. माझं ताट वाढलं की तिला झोप येते. तिला झोप लागेपर्यंत ताट गारठलेलं असतं. चहाचं तर मी बोलतच नाही. चहा कपात ओततानाच मी हल्ली त्याचा निरोप घेते.

शिवाय तिची झोप ही साधी बाब नाही. तिला झोपायला माझ्या डाव्या कानाची पाळी लागते. शिंप्याने कापडाचा पोत बघावा तशी ती अंगठा आणि बोटाच्या मधे ती पाळी धरून चोळत राहते, आणि पोत पसंत पडला की झोपते. डावीच पाळी. उजवी तिने एकदा तपासली आणि परत केली.

अशा परिस्थितीत ताईंनी आम्हाला लग्नाच्या वाढदिवसाची भेट दिली. ताई म्हणजे माझी नणंद, नवऱ्याची मोठी बहीण. त्या दातांच्या डॉक्टर आहेत. एका समाधानी पेशंटने त्यांना एका बड्या रेस्टॉरंटमधल्या दोघांच्या जेवणाचं व्हाउचर दिलं होतं. जेवताना समोरच्याच्या दातांकडेच लक्ष जातं म्हणून ताई बाहेर जेवायचं टाळतात. त्यांनी ते व्हाउचर आमच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "जा दोघं. फ्रेंच बिस्त्रो आहे. आशियाई प्रभाव असलेला."

हे शेवटचं वाक्य घरात बरेच दिवस फिरत राहिलं.

"प्रभाव म्हणजे नक्की किती?" बाबांनी विचारलं. बाबा म्हणजे माझे सासरे. ते मोजणी खात्यातून निवृत्त झाले असले तरी मोजणी त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही.

"थोडासाच, बाबा," नवरा म्हणाला. "पदार्थ फ्रेंच, पण त्यात आलं, गवती चहा, चक्रीफूल असं काहीतरी घालतात."

"म्हणजे हद्द कायम झालेली नाही," बाबा म्हणाले आणि पेपरात शिरले.

मी मात्र त्या बिस्त्रोचा मेनू मोबाइलवर काढून पाठ केला. भिंगरीला दूध पाजताना मी तो वाचायचे, एखादीने पोथी वाचावी तसा. दिवसभर मंद आचेवर शिजलेला बदकाचा पाय, चक्रीफुलाच्या रसात. आणि शेवटी आल्याचं क्रेम ब्रुले, म्हणजे मऊ दुधाळ गोड पदार्थ, वर जाळलेल्या साखरेचा काचेसारखा पापुद्रा, जो चमच्याने फोडायचा असतो. कट्ट असा आवाज येतो म्हणे. मला तो आवाज स्वप्नात यायला लागला. आमच्या घरात हल्ली जे काही कट्ट वाजतं ते कुणीतरी पाय दिलेलं खेळणं असतं.

पहिली अडचण व्हाउचरवरच छापलेली होती. ते ताईंच्या नावावर होतं आणि दुसऱ्या कुणाला चालणार नव्हतं. मी बिस्त्रोला फोन लावला. आधी बराच वेळ अकॉर्डियन वाजलं. मग एक बाई आली.

"व्हाउचर डॉक्टरांच्या नावावर आहे, मॅडम. नाव बदलायचं तर डॉक्टरांना स्वतः इथे यावं लागेल."

"त्या येऊ शकत नाहीत म्हणून तर नाव बदलायचंय."

"बरोबर आहे. पण त्यासाठी त्यांना यावं लागेल."

"त्या आल्या तर त्याच जेवतील ना?"

"मग नाव बदलायची गरजच नाही," बाई म्हणाली. तिचा आवाज इतका गोड होता की काम झालं असं वाटून मी तिचे आभार मानले, फोन ठेवला, आणि मग नुसतीच बसून राहिले.

ताईंनी हा प्रश्न दोन रुग्णांच्या मधल्या वेळात सोडवला. "अगं, मीच आहे म्हणून सांग. तिथे कोण तुझा एक्स-रे काढणार आहे?"

इथे माझ्या नवऱ्याचा चेहरा उतरला. तो विमा कंपनीत दावे तपासतो. लोकांनी कुठे कुठे खोटं लिहिलंय हे शोधण्याचा त्याला पगार मिळतो, आणि सवयीने तो ते घरीही फुकट करतो.

"ही चुकीची माहिती देऊन लाभ मिळवणं आहे," तो म्हणाला. "मी रोज लोकांना यावरून नकार कळवतो."

"मग स्वतःला एकदा कळव आणि बूट पॉलिश कर."

तो बुटांचा ब्रश घेऊन आला. "पण तू ताई झालीस, तर मी कोण?"

"ताईंचा नवरा."

"म्हणजे मी माझ्याच..."

"इतका विचार करू नकोस," मी म्हटलं. पण तो करत होता, हे मला दिसत होतं.

दुसरी अडचण म्हणजे समोरच्या काकू. त्यांना मी स्वतःहून काही सांगितलं नव्हतं. पण आमच्या मजल्यावर बातमी दाराखालून जाते. काकू एकदा विमान बदलण्यासाठी पॅरिसच्या विमानतळावर अर्धा दिवस बसल्या होत्या, आणि तेव्हापासून इमारतीतले सगळे फ्रेंच प्रश्न त्यांच्याकडे जातात. त्या उकडलेले बटाटे आणि त्यांच्या घरचे सगळे काटेचमचे घेऊनच आल्या.

"बाहेरून आत यायचं," त्या म्हणाल्या. "पहिला पदार्थ, सर्वांत बाहेरचा काटा. कोपर टेबलावर नाही. आणि फ्रेंच माणूस सूपवर फुंकर मारत नाही."

"मग काय करतो?"

"वाट बघतो."

"आणि चॉपस्टिक्स आल्या तर?"

काकूंनी जरा आठवून बघितलं. "त्या तिकडे नव्हत्या," त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या. "निदान विमानतळावर तरी."

मी सुरीने बटाटे कापत होते तेव्हा भिंगरी टेबलाखालून माझ्या गुडघ्यांवर चढत होती, त्यामुळे तोही सराव एका हातानेच झाला.

खरी अडचण तिसरी. कान. आम्हाला संध्याकाळचं अगदी पहिलं टेबल मिळालं होतं, उजेडीच, ज्या वेळी फक्त पथ्यावरची माणसं जेवतात. पण भिंगरीही उजेडीच झोपते. मी नसताना ती कुणाच्या कानावर झोपणार, हे आधी ठरायला हवं होतं. म्हणून आम्ही कान तपासायला घेतले.

नवऱ्याचा कान तिने हातात घेतला आणि लगेच सोडला. तो बहुधा तिला फार गरम वाटला. सासूबाईंचा, म्हणजे आईंचा कान जवळजवळ पसंत पडला होता. आईंनी कानातलं काढून ठेवलं, डोळे मिटले, आणि भिंगरीला त्यांच्या पाळीतलं भोक सापडलं. त्यानंतर झोपेचा विषयच मागे पडला. तिने त्या भोकात आधी नख घातलं, मग एक मनुका घालायचा प्रयत्न केला. काकूंचा कान पोताने उत्तम होता. पण कान स्थिर राहायला तोंड बंद राहावं लागतं.

"बाबा, तुम्ही?" मी विचारलं.

"कान ही ऐकायची वस्तू आहे," बाबा पेपर खाली न करता म्हणाले. "मूल म्हणजे सवय. लावावी तशी लागते. 'झोप' म्हणून सांगायचं आणि दिवा घालवायचा. इथे सगळे तिच्या पुढ्यात कान घेऊन बसलेत."

त्यांनी हे इतक्या ठामपणे सांगितलं की मला वाटलं, यांची स्वतःची मुलं लहानपणी हुकमावर झोपत असावीत. आईंनी स्वयंपाकघरातून फक्त एवढंच म्हटलं, "यांना काय माहीत. हे दौऱ्यावर असायचे."

शेवटी ठरलं की आई आणि काकू मिळून प्रयत्न करतील, एक कान देईल आणि दुसरी गप्प बसेल. बाबांवर कोणतीही जबाबदारी नव्हती. ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसतील आणि मतं देतील.

(थांबा, भिंगरी उठली बहुतेक. नाही. फक्त कूस बदलली.)

तर त्या संध्याकाळी मी काळा पोशाख घातला. त्याच्या खांद्यावर दुधाचा जुना डाग होता, तो मी शालीखाली लपवला. भिंगरीचा पापा घेतला. ती माझ्याकडे बघून रडेल म्हणून मी मन घट्ट करून उभी होते, पण ती काकूंच्या चमच्यांत गुंतली होती. मी दारातून दोनदा परत आले. दुसऱ्या वेळी आई म्हणाल्या, "आता तू गेली नाहीस तर मीच जाईन तुझ्याऐवजी," तेव्हा कुठे लिफ्टमध्ये शिरले.

बिस्त्रोच्या बाहेर चांगलं ऊन होतं. आत मात्र पडदे ओढून रात्र केलेली होती. दारात मॅनेजर उभा होता. उंच, रुबाबदार, पांढरे हातमोजे, आणि एक गाल दुसऱ्यापेक्षा मोठा.

"या, डॉक्टर," तो मला म्हणाला. "आम्ही वाटच बघत होतो." मग नवऱ्याकडे वळून, अगदी आदबीने, "आणि आपण?"

माझ्या नवऱ्याला कुणीही सरळ प्रश्न विचारला की तो खरं बोलतो. "मी डॉक्टरांचा भाऊ," तो म्हणाला.

मॅनेजरने एकदा आमच्याकडे बघितलं आणि एकदा आतल्या कोपऱ्यातल्या टेबलाकडे. तिथे एका कोचावर दोघांना शेजारी शेजारी बसायची सोय केली होती, मधे मेणबत्ती, आणि लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांचं कार्ड. ताईंनी प्रेमाने आधीच फोन करून तेवढं सांगून ठेवलं होतं. मॅनेजर तयार माणूस होता. त्याच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. त्याने कार्ड उचललं, खिशात घातलं, मेणबत्ती दुसऱ्या टेबलावर नेली आणि नवऱ्यासाठी एक खुर्ची आणून माझ्यासमोर, जरा लांबच, ठेवली. थोड्या वेळाने तो परत आला आणि फुलदाणी बरोबर आमच्या मधे ठेवून गेला.

"असं का सांगितलंस?" मी फुलांतून विचारलं.

"त्याने विचारलं ना."

"तू नवरा आहेस माझा."

"तुझा. पण तू कुठे तू आहेस?"

मी रुमाल मांडीवर पसरला. वेटर आला. त्याने पदार्थांची माहिती सांगितली, ती एखाद्या स्थळाची माहिती सांगावी तशी, कुठून आलंय, कुणाच्या संगतीत वाढलंय. मग वही मिटून म्हणाला, "आणि डॉक्टर, तुमच्यासाठी शेवटी गोड नाही. तुम्ही साखरेला हात लावत नाही, हे तुमच्या पेशंटने व्हाउचर घेतानाच आम्हाला कळवलंय. तुमच्यासाठी गवती चहाचा काढा."

मी तोंड उघडलं. मग मिटलं. मी दातांची डॉक्टर होते. मी साखरेच्या विरोधात होते. पाठ केलेला सगळा मेनू, त्या काचेसारख्या पापुद्र्यासकट, माझ्या डोळ्यांसमोरून गेला.

"योग्य," मी म्हटलं.

सूप आलं. एवढ्या मोठ्या बशीत मधोमध एवढासा खळगा, आणि त्यात बटाटा-कांदापातीचं पांढरं सूप, वर गवती चहाच्या तेलाचे हिरवे थेंब. दोन्ही हात मोकळे होते. मला त्या डाव्या हाताचं काय करावं तेच कळेना. मी चमचा भरला, त्यावर चांगली लांब फुंकर मारली, ओठाला लावून बघितला, आणि फुलांच्या बाजूने नवऱ्यासमोर धरून "आ" म्हटलं.

"गार आहे ते," नवरा हळूच म्हणाला.

"झालं का एवढ्यात?"

"आधीपासूनच. गारच असतं ते. वेटरने सांगितलं आत्ता."

वेटर बाजूलाच उभा होता. आपण काही पाहिलंच नाही असं दाखवण्याचं त्यांना शिक्षण असावं, पण त्याचं शिक्षण अजून पुरं झालं नव्हतं. मी चमचा मागे घेतला आणि कुठल्याही फ्रेंच माणसासारखी वाट बघत बसले.

सूप संपलं तशी मॅनेजरची सावली टेबलावर पडली. त्याने गालावर हातमोजा धरला होता.

"डॉक्टर, जेवणाच्या वेळी विचारू नये. पण कालपासून सगळा जबडा ठणकतोय. मागची दाढ. क्लिनिकला जायचं धाडस होत नाही."

नवऱ्याचा बूट माझ्या पायावर येऊन थांबला. मला दातांबद्दल काहीच माहीत नव्हतं असं नाही. गेलं वर्षभर आमच्या घरात दातांशिवाय दुसरा विषय नाही. फक्त ते सगळे दात एकाच तोंडातले आणि नवे आहेत.

"रात्री किरकिर होते?" मी विचारलं.

"खूप."

"लाळ?"

त्याने आजूबाजूला बघितलं. "उशीवर थोडी."

"खाण्यावरून लक्ष उडालंय? उगीच राग येतो? वस्तू फेकाव्याशा वाटतात?"

"सकाळी ट्रे फेकला," तो ओशाळून म्हणाला. "तुम्हाला कसं कळलं?"

"दात येतोय," मी म्हटलं.

"पण माझं वय..."

"काहींना उशिरा येतात. फ्रिजमधलं गाजर घ्या. अख्खं. चावायचं नाही, हिरडीवर नुसतं धरून ठेवायचं. आणि उद्या सकाळी काहीही झालं तरी क्लिनिकला जा. तिथे नीट बघतील. मी इथे हत्यारं आणली नाहीत."

तो अक्षरशः वाकला. (दुसऱ्या दिवशी ताईंकडे एक उंच रुबाबदार पेशंट गालात गाजर धरून आला आणि "डॉक्टर कुठे आहेत" म्हणून खऱ्या डॉक्टरांनाच विचारू लागला. ताई ही गोष्ट अजून प्रत्येक जेवणात सांगतात, आणि सांगताना माझ्याकडे बघतात.) त्यानंतर तो त्या अंधारात टेबलांमधून फिरत होता तेव्हा त्याच्या तोंडातून नारिंगी टोक दिसायचं. पाहुण्यांना वाटलं असेल, हाच तो आशियाई प्रभाव.

आणि मग बदक आलं.

मी याबद्दल सावकाश सांगणार आहे. ते गरम होतं. त्याच्यातून वाफ येत होती, सरळ, वर, आणि त्या वाफेला चक्रीफुलाचा वास होता. कातडी तांबूस, कुरकुरीत. माझ्या उजव्या हातात सुरी होती, डाव्या हातात काटा होता, मांडीवर फक्त रुमाल होता. मी कापायला सुरुवात केली. छान बारीक तुकडे केले, हाडं बाजूला काढली, एक एक तुकडा दाबून बघितला. सगळं संपल्यावर माझ्या लक्षात आलं की बशी नवऱ्याची आहे.

"असू दे," नवरा म्हणाला. त्याने एक तुकडा तोंडात टाकला. "सोपं पडतंय."

बाजूच्या टेबलावरच्या बाई आमच्याकडे बघून आपल्या भावाला काहीतरी म्हणाल्या. म्हणजे तो त्यांचा भाऊच असेल असं नाही, पण मला आता सगळीकडे भाऊ दिसत होते.

माझं स्वतःचं बदक अजून अख्खं होतं आणि अजून वाफाळत होतं. मी सुरी टेकवली. सगळं इतकं व्यवस्थित चाललं होतं की मला संशय आला. घरून एकही फोन नव्हता. आई एवढा वेळ फोन करत नाहीत म्हणजे एक तर सगळं उत्तम आहे किंवा हातच मोकळा नाही. इथे मी चूक केली. मी सुरी खाली ठेवली आणि फोन लावला.

"हं," आई म्हणाल्या. कुजबुजत.

"आई, झोपली का?"

"ती झोपली. पण ह्यांना हलता येत नाहीये. ठेवते."

आणि फोन बंद. मी पुन्हा लावला, कुणी उचलला नाही. नवऱ्याने लावला, कुणी उचलला नाही. "ह्यांना" म्हणजे बाबांना. माझ्या सासूबाई जगात दुसऱ्या कुणालाही "हे" म्हणत नाहीत. बाबांना दोन वर्षांपूर्वी छातीत दुखलं होतं. तेव्हापासून ते जरा जास्त वेळ गप्प बसले तरी आम्ही उगीचच काहीतरी विचारतो. नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला. तो खुर्ची मागे सारून उभा राहिला आणि रुमाल घडी करून ठेवायला लागला. त्याला ती घडी जमत नव्हती.

मॅनेजर धावत आला. त्याने गाजर काढून हातात घेतलं.

"वडील," नवरा म्हणाला. "हलता येत नाहीये त्यांना."

"डॉक्टर, तुम्ही निघा," मॅनेजर मला म्हणाला. त्याच्या दृष्टीने ते साहजिकच होतं. मी शाल आणि पर्स गोळा करेपर्यंत त्याने टॅक्सी थांबवली आणि खिडकीतून एक मोठी पिशवी आत दिली. "दोन्ही बदकं आहेत. आणि वर छोटा डबा आहे, तो तुमच्या मिस्टरांसाठी. बिचारे आले नाहीत. त्यांना निदान गोड."

माझे मिस्टर माझ्या शेजारी ती पिशवी मांडीवर घेऊन बसले. प्रत्येक सिग्नलला टॅक्सी थांबत होती. कुठल्यातरी सिग्नलला त्याने माझा हात धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच आम्ही नवराबायको होतो, आणि मला त्यातलं काहीच नको होतं. मला फक्त बाबा खुर्चीत बसून मतं देताना बघायचे होते.

दार काकूंनी उघडलं. ओठांवर बोट. काकूंना गप्प बघून माझ्या उरल्यासुरल्या अवसानानेही पाय काढला.

बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत होते. ताठ बसलेले, मान एका बाजूला कललेली, डोळे उघडे. चष्मा लांब टेबलावर, पेपर खाली जमिनीवर. त्यांच्या खांद्यावर भिंगरी पालथी झोपली होती, तोंड उघडं, आणि तिच्या मुठीत बाबांच्या डाव्या कानाची पाळी होती.

"बाबा," नवरा म्हणाला. तो दाराजवळच्या स्टुलावर, तिथे ठेवलेल्या बुटांवरच बसला.

"हळू," बाबा ओठ न हलवता म्हणाले. "आत्ताच कूस बदलून झालीये."

आईंनी कुजबुजत सांगितलं ते असं. आम्ही लिफ्टमध्ये शिरलो आणि आई कानातलं काढायला आत गेल्या. तेवढ्यात भिंगरी चालत चालत खुर्चीपाशी गेली, पेपर बाजूला केला, बाबांच्या मांडीवर चढली आणि त्यांचा कान धरला. बाबा तिला "झोप" म्हणाले. ती झोपली. तेव्हापासून ते तसेच. आईंनी तिला उचलायला हात पुढे केला तर त्यांनी डोळे वटारले.

"मग फोन का उचलला नाहीत?"

"ह्यांनीच बंद करायला लावला. थरथरतो म्हणाले."

मी एक प्रश्न विचारायचा नाही असं ठरवलं होतं. "रडली का?"

"छे," आई म्हणाल्या.

"जरासुद्धा?"

"नाही गं. तुझं नावसुद्धा काढलं नाही," आईंनी मला दिलासा दिला.

मी शाल काढून ठेवली. या एका कानापायी दीड वर्ष मी संध्याकाळी घराबाहेर पडले नव्हते.

"बाबा, मान अवघडली असेल," मी म्हटलं.

"पंधरा अंशांत आहे. चालतं."

"जेवलात?"

आईंनी मानेनेच नाही म्हटलं. बाबांचा उजवा हात भिंगरीच्या पाठीवर होता, डावा तिच्या पायांखाली. एक हातसुद्धा मोकळा नव्हता. ती बसण्याची तऱ्हा मला चांगलीच ओळखीची होती. मी पिशवीतून वरचा छोटा डबा काढला. आत आल्याचं क्रेम ब्रुले होतं, वर तो काचेसारखा पापुद्रा, टॅक्सीतून येऊनही धड. मी चमचा टेकवला.

कट्ट.

सगळे जागच्या जागी थांबले. काकूंनी डोळे मिटले. भिंगरीची बोटं पाळीवर एकदा थबकली, मग पुन्हा सावकाश चोळायला लागली. आम्ही सगळ्यांनी मिळून श्वास सोडला.

मी चमचा भरला, त्यावर फुंकर मारली आणि बाबांसमोर धरला. "आ."

"गार आहे ते," बाबा म्हणाले. आणि तोंड उघडलं.

त्यांनी शांतपणे खाल्लं. मधे एकदा विचारलं, "यात प्रभाव कुठे आहे?"

"आलं आहे ना."

"हं." त्यांनी जिभेने अंदाज घेतला. "हद्दीत आहे."

शेवटच्या चमच्यात साखरेचा सर्वांत मोठा तुकडा आला. बाबांनी तोंड मिटून घेतलं आणि डोळ्यांनी माझ्याकडे खूण केली. मी तो खाल्ला. दाताखाली आवाज झालाच, पण कुणी उठलं नाही.

"तुम्ही म्हणाला होतात, सवय लावावी तशी लागते," मी म्हटलं.

"लागली ना," बाबा म्हणाले.

मी डबा ठेवला आणि भिंगरीला घ्यायला हात पुढे केले. बाबा जेमतेम केसभर मागे सरकले.

"राहू दे. तू जेवलीस?"

"थोडं."

"मग पुरं कर. मी आहे इथे."

आईंनी बदक तव्यावर टाकलं. चुर्र आवाज झाला तसा त्यांनी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. काकूंनी टेबलावर त्यांचे काटेचमचे मांडले, बाहेरून आत, सगळे. नवऱ्याने बूट काढले, स्वतःची खुर्ची उचलून आणली आणि माझ्यासमोर नाही, शेजारी ठेवली, इतकी जवळ की आमची कोपरं एकमेकांना लागत होती. मग त्याने माझ्या बशीतलं बदक स्वतःकडे ओढलं आणि छान बारीक तुकडे करून परत माझ्यासमोर सारलं.

दारातून मला खिडकीजवळची खुर्ची दिसत होती. बाबांची मान पंधरा अंशांत, आणि पाळीवर ती छोटी बोटं. बशीतून वाफ येत होती. माझ्या उजव्या हातात सुरी होती, डाव्या हातात काटा. मी एक तुकडा उचलला आणि त्यावर फुंकर मारली. काकू समोरच उभ्या होत्या, पण काही बोलल्या नाहीत.

गरम होतं.